अंगणाला घर पुन्हा जोडताना

गेल्या मे महिन्यात विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. घर दोन वर्षांपूर्वीच नव्यानं केलेलं. बैठकीची भिंत काढून तिथे आठ फुटी काचेचं सरकतं दार बसवलेलं, पलीकडे अंगण आणि अंगणात कडुनिंब. मालकानं मोबाईलवर असं घर पाहिलं होतं, ते त्याला मनापासून आवडलं होतं, आणि चित्र खरंच आवडण्यासारखं होतं. मी दुपारी चारला पोचलो तेव्हा त्या काचेवर आतून दोन सतरंज्या आणि एक चादर टांगलेली होती. कूलर पूर्ण वेगात सुरू होता, तरी खोलीत बसवत नव्हतं. दार पश्चिमेला होतं.

वीसेक वर्षं मी खेड्यांतल्या घरांची कामं करतो. अलीकडे बहुतेक जण एकच मागणी घेऊन येतात: घर मोकळं करून द्या, आत बसलो तरी अंगणात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मला ही मागणी फार आवडते, कारण आपल्या आजोबांची घरं तशीच होती. मधल्या काळात आपण घरापुढची झाकलेली छपरी पाडून स्लॅबच्या खोल्या बांधल्या, पुढे लोखंडी गेट लावलं आणि अंगण घरापासून तुटलं. ते परत जोडायचं तर नुसती भिंत काढून चालत नाही. आपल्याकडे आत आणि बाहेर यांच्या मधे सावलीचा एक पट्टा लागतो, आणि दुपारी घट्ट लागून संध्याकाळी सताड उघडणारं दार लागतं. हे दोन्ही कसं साधायचं, ते या लेखात सांगतो.

जुन्या घरात ऊन पायरी-पायरीनं कमी व्हायचं

धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) असो की कवेलूचं (कौलांचं), वऱ्हाडातलं जुनं घर आठवून पाहा. अंगण उघडं. त्याला लागून उन्हाळ्यात बांबू रोवून वर तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या, टाकलेला मांडव. मग छपरी, म्हणजे पुढून उघडी पण वरून झाकलेली. मग बैठक, मग माजघर. बाहेरून आत जाताना प्रत्येक टप्प्यावर उजेड आणि झळ थोडी थोडी कमी होत जायची. पाहुणा कोण आहे त्यावर तो मांडवात बसणार, छपरीत बसणार की माजघरात येणार, हेही त्यातच ठरायचं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात तर आदी निवास आणि बापू कुटी या नजरेनं एकदा पाहून या. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचीच ती बांधणी, आणि खोल्यांना लागून झाकलेल्या पडव्या. मे महिन्याच्या दुपारी अंगणातून पडवीत आणि पडवीतून खोलीत पाऊल टाकलं की अंगाला जो फरक जाणवतो, तो कोणत्याही नकाशापेक्षा जास्त शिकवून जातो.

आता भिंतीची गोष्ट. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत दिवसभराचं ऊन पोटात साठवते. ती उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत दहा-बारा तास जातात, तोवर रात्र झालेली असते आणि दारं-खिडक्या उघडून ती बाहेर घालवता येते. नऊ इंची विटेच्या भिंतीला यापेक्षा कमी वेळ लागतो. पाच इंची स्लॅब तर संध्याकाळपासूनच दिवसभराची उष्णता खाली सोडू लागतो, नेमका आपण जेवून आडवे होतो त्याच वेळी. म्हणूनच स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला अंगणाची गरज धाब्यात राहणाऱ्यापेक्षा जास्त आहे. गेट लावून आपण ते अंगण गाडी ठेवायची जागा करून टाकलं.

आधी ऊन मोजा

छपरी कोणत्या दिशेला काढायची हे ठरवण्याआधी सूर्य आपल्या गावावरून कसा जातो ते कळलं पाहिजे. विदर्भ कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैत एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो दुपारीही दक्षिणेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ४५-४६ अंशांवर. त्या दिवशी चार फुटी काठी उभी केली तर सावलीही जवळजवळ चार फुटांची पडते.

एवढ्या माहितीवर दक्षिणेची भिंत सुटते. दक्षिणेच्या दारावर दोन फुटांचा छज्जा असला तर मे महिन्यात दुपारचं ऊन आत शिरत नाही, कारण ते वरूनच येतं. डिसेंबरात तोच छज्जा दाराचे वरचे दोन फूट झाकतो, खालच्या पाच फुटांतून ऊन घरात येऊन पडतं आणि म्हाताऱ्या माणसांना घोंगडी घेऊन बसायला जागा होते. दक्षिणेकडे मोठं दार काढायला म्हणूनच मी कधी कचरत नाही.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर असतो. पश्चिमेला सहा फूट रुंदीची छपरी काढली आणि तिचा पुढचा काठ सात फुटांवर ठेवला, तर पाच वाजता तिची सावली भिंतीवर त्या काठाच्या खाली फक्त अडीच फूट उतरते. उरलेली साडेचार फूट भिंत, म्हणजे बसलेल्या माणसाचं डोकं-छाती धरून सगळं, उन्हात. दारव्ह्याच्या त्या घराला छपरीसुद्धा नव्हती. आणि काचेचा स्वभाव असा की ऊन ती सरळ आत घेते, पण तापलेल्या फरशीची आणि भिंतीची झळ बाहेर जाऊ देत नाही. हवाही अडते. पश्चिमेला काच लावणं म्हणजे खोलीला झाकण लावून चुलीवर ठेवणं आहे.

पूर्वेचं अंगण मला सगळ्यात आवडतं. दुपारी एकनंतर घराची स्वतःची सावली पूर्वेकडे पडू लागते आणि संध्याकाळपर्यंत ती अंगणभर पसरते. जमीन दोन-तीन तास आधीच निवायला लागते. थंडीत सकाळचं कोवळं ऊन त्याच छपरीत मिळतं. जागा असेल आणि निवडीला वाव असेल, तर रोजची बसायची छपरी पूर्वेला काढा आणि पश्चिमेला न्हाणी, जिना, सरपणाची किंवा अवजारांची खोली जाऊ द्या. पश्चिमेला रस्ता आहे, दुसरीकडे जागाच नाही, असं असेल तर पुढचा काठ साडेसहा फुटांपर्यंत खाली आणा आणि त्याला उन्हाळ्यापुरती वाळ्याची किंवा बांबूची ताटी टांगायची सोय आत्ताच करून ठेवा. ताटी अडकवायचे हूक छत घालतानाच बसवले तर पुढे दरवर्षी दोऱ्या बांधत बसावं लागत नाही.

भिंत काढण्याआधी

ज्या भिंतीत मोठं दार हवं आहे, ती भिंत काय उचलून धरते हे आधी पाहायचं. १० बाय १२ च्या खोलीवरच्या पाच इंची स्लॅबचं वजन साधारण साडेतीन टन भरतं. पस्तीस क्विंटल! कापसाच्या भाषेत विचार केला की त्याचा अर्थ पटकन समजतो. खांब आणि बीम नसलेल्या घरात हे सगळं वजन चार भिंतींवर वाटलेलं असतं. त्यातली एक मधूनच काढली तर ते कुठे जाणार?

जुन्या धाब्याच्या घरात बहुधा लाकडी खांब असतात आणि म्याल, म्हणजे छत पेलणारी जाड आडवी तुळई, त्या खांबांवर टेकलेली असते. अशा घरात मधली मातीची भिंत नुसता पडदा असते, ती काढता येते. पण काही घरांत म्याल थेट भिंतीवर ठेवलेली असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. वर्धा जिल्ह्यातल्या एका कामावर मी खांब गृहीत धरून खूण करून दिली होती, तेव्हा आमचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, “भाऊ, हे भिंत म्याल धरून हाय. पाडली त छत आंगावर येईन.” गिलावा खरवडून पाहिला तर तो खरा ठरला. तेव्हापासून म्यालीच्या टोकाशी हातभर गिलावा काढून पाहिल्याशिवाय मी कोणाला हो म्हणत नाही.

घर आत-बाहेर जोडायचा सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त मार्ग लोकांना सुचत नाही याचं मला वाईट वाटतं. खिडकीचं दार करा. खिडकीवर आधीच लिंटेल असतं, वरचं वजन ते बाजूच्या भिंतींवर नेत असतं. खिडकीखालची भिंत तेवढी कापून काढली की तेवढ्याच रुंदीचं दार तयार होतं, आणि वरच्या वजनाची वाट बदलत नाही. अशा दोन खिडक्यांची दोन दारं केली तरी छपरी आणि बैठक एक झाल्यासारखी वाटतात.

रुंदी वाढवायचीच असेल तर इंजिनिअरला दाखवून घ्या. काम ढोबळमानानं असं होतं: दोन्ही बाजूंनी छताला टेकू देतात. मग भिंतीच्या अर्ध्या जाडीत आडवी खाच पाडून तिथे लोखंडी चॅनल बसवतात, तो घट्ट झाला की दुसऱ्या बाजूनं दुसरा, आणि दोन्ही बोल्टनं आवळतात. चॅनलची टोकं दोन्हीकडे भिंतीवर निदान नऊ इंच टेकली पाहिजेत, आणि टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा हवा, नाहीतर एवढं वजन एकाच विटेवर येऊन ती चुरते. ठोकळे पक्के झाल्यावरच खालची भिंत निघते, तीही कटरनं. घणानं नाही. भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन फूट सोडा, आणि एका भिंतीतल्या दारं-खिडक्यांची रुंदी मिळून त्या भिंतीच्या लांबीच्या निम्म्यापलीकडे नेऊ नका. मातीच्या भिंतीत याहून जपून: एक दार चार फुटांपेक्षा रुंद नको, आणि कोपऱ्यापासून चार फूट तरी दूर ठेवा.

काळी माती: इथेच बहुतेकांचं काम बिघडतं

भिंतीची काळजी बरेच जण घेतात. जमिनीची कोणी घेत नाही. यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाणा, वर्धा, या पट्ट्यातली काळी माती कपाशीला जेवढी चांगली, तेवढी घराला त्रासदायक. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या मिटतात, हे आपण जन्मभर पाहतो. घराखालची माती वेगळी नसते. फरक एवढाच की घराखालची मधली माती झाकलेली असल्यानं तिचा ओलावा फारसा बदलत नाही, आणि कडेची माती मात्र दरवर्षी वर-खाली होते.

नवीन छपरी आपण नेमकी त्या कडेवर बांधतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. आमच्याच घराला, वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या पुढे, मी स्लॅबची छपरी काढली. छपरीचा पाया तीन फूट खोल, जुन्या भिंतीचा पाच. स्लॅबच्या सळया जुन्या भिंतीत अडकवल्या, म्हणजे दोन्ही मजबूत एक होतील असं वाटलं. पहिल्या पावसाळ्यात खांब किंचित उचलले गेले, उन्हाळ्यात बसले. दुसऱ्या वर्षी जोडावर भिंतीला अशी भेग गेली की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायचा. आईच्या डोक्याशी ती भेग होती, आणि रोज सकाळी ती दिसली की मला अपराध्यासारखं वाटायचं. शेवटी तो स्लॅब काढला.

त्यातून शिकलेली पहिली गोष्ट: जुनं घर आणि नवी छपरी यांची हालचाल वेगवेगळी होणार, म्हणून त्यांना एकमेकांत घट्ट बांधू नका. छपरीला घराच्या बाजूनंही स्वतःचे खांब द्या, जोत्यामधे आणि फरशीमधे इंचभर फट सोडा, ती मऊ भराव घालून वरून पट्टीनं झाका. छत टिनाचं किंवा कवेलूचं असेल तर ते थोडं हललं तरी सोसतं. स्लॅब सोसत नाही, तो तडकतो किंवा भिंतीला तडकवतो.

दुसरी गोष्ट पायाची. खोदताना चार-सहा फुटांवर मुरूम लागला तर उत्तम, त्यावर टेका. काळी माती खोलच खोल असेल तर खांबांना खाली फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खुंट, घालतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी ही पद्धत विकसित केली. खोल काळ्या जमिनीत ही पाईल साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो त्या थराच्या खाली नेतात. खालचा फुगवटा तिथे खुंटीसारखा रुतून बसतो, त्यामुळे वरची माती फुगली तरी खांब उचलला जात नाही. हातानं फिरवायच्या गिरमिटानंही हे भोक पाडता येतं, मोठं यंत्र लागतंच असं नाही. फरशीखाली मात्र काळी माती अजिबात नको. दीड-दोन फूट काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसानं ठोकत जा. तीन दिवसांचं हे काम टाळून लोक महागाची टाईल घालतात, आणि दिवाळीच्या आत ती पोकळ वाजू लागते.

तिसरी गोष्ट ऐकायला कडू आहे. भिंतीला चिकटून फुलझाडांचा वाफा करू नका. चित्रात तो सुंदर दिसतो. पण काळ्या मातीत भिंतीच्या एका बाजूला रोज पाणी दिलं की तेवढाच भाग फुगतो आणि भिंत वाकडी उचलली जाते. मोठं झाड याच्या उलट करतं, मुळांनी पाणी ओढून माती आकसवतं आणि पाया तिकडे बसतो. म्हणून घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला, आणि वाफे त्याच्या पलीकडे. कडुनिंब, आंबा, जांभूळ हे भिंतीपासून निदान पंधरा-वीस फुटांवर लावा. कुंड्या मात्र हव्या तेवढ्या ठेवा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जमीन बऱ्याच ठिकाणी वेगळी आहे, तिथे हा त्रास कमी. पण तिकडे पाऊस जास्त, त्यामुळे छपरीचा काठ आणखी बाहेर काढावा लागतो.

छपरीचं छत आणि मांडव

कवेलूला उतार जास्त लागतो, दोन फुटाला एक फूट धरा. म्हणजे आठ फूट रुंद छपरी दहा फुटांवर सुरू झाली तर पुढे सहा फुटांवर येऊन टेकते आणि माणसाचं डोकं लागतं. त्यामुळे कवेलूची छपरी सहा फुटांची ठेवावी किंवा मागची बाजू उंच घ्यावी. टिनाला पाच फुटाला एक फूट उतार पुरतो. कवेलू थंड, पण वानरांनी ती जागेवर ठेवली पाहिजेत. आमच्याकडे अर्ध्या गावानं टिन घातलं ते वानरांच्या उड्यांमुळेच, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

टिन घालायचं तर तीन गोष्टी सांभाळा. वरून दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात द्या. खालून चार-सहा इंच जागा सोडून बांबूचे तट्टे बसवा, म्हणजे तापलेल्या टिनाची झळ सरळ डोक्यावर येत नाही. आणि टिनाची वरची कड स्लॅबच्या छज्ज्याखाली सरकवून तिथेही चार-सहा इंचांची फट ठेवा. तापलेली हवा वर चढून त्या फटीतून निघून जाते, आणि छज्जा वर असल्यामुळे पाऊस आत येत नाही. हूक पन्हळीच्या वरच्या कण्यावर मारा, खोलगट भागात मारले तर तिथूनच गळतं. एप्रिल-मेच्या वादळात वारा छपरीत पुढून घुसतो आणि टिन खालून उचलतो. म्हणून खांब पायात काँक्रीटनं धरलेले हवेत, नुसते रोवलेले नकोत. लाकडी खांब असेल तर तो दगडी तळखड्यावर उभा करून लोखंडी पट्टीनं बांधा. मातीत गाडलेल्या लाकडाला वाळवी लागायला फार दिवस लागत नाहीत.

मांडवाबद्दल एक गैरसमज दिसतो. दोडका, कारलं, वाल हे वेल पावसाळ्यात लावतात, दिवाळीपर्यंत छान दाटतात आणि सावली लागते त्या एप्रिल-मेत वाळून गेलेले असतात. उन्हाळ्याच्या सावलीसाठी मधुमालतीसारखा टिकणारा वेल हवा, तोही दोन वर्षं आधी लावलेला. तोपर्यंत तुराट्या किंवा हिरवी जाळी. कडुनिंबाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं आहे: फाल्गुनात पानं गाळतो आणि ऊन कडक होईपर्यंत नव्या पानांनी भरून आलेला असतो.

बांबू वापरणार असाल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घ्या, नाहीतर दोन वर्षांत त्यातून पिठासारखा भुगा पडू लागतो. वर्ध्याचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र माती-बांबूच्या घरांवर अनेक वर्षं काम करत आलं आहे. तिकडची घरं एकदा पाहून येणं फायद्याचं.

दार

आमची आई सांगायची, “दुपारी दार लावलं नाई त घराची भट्टी होते, बाप्पा.” मे महिन्यात सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असते. त्या वेळात दार उघडं ठेवणं म्हणजे झळ आत बोलावणं. म्हणून छपरीकडे उघडणारं दार भरीव लाकडाचं, चार पल्ल्यांचं असावं: दुपारी चारही बंद, संध्याकाळी चारही भिंतीला टेकलेले. त्याला बाहेरून जाळीचं दुसरं दार द्या, म्हणजे रात्री भरीव दार उघडं ठेवून झोपता येतं.

कूलरचाही विचार याच वेळी करा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला जायला जागा नसेल तर खोली दमट होते, आणि समोर आठ फुटी दार उघडं असेल तर गारवा थेट अंगणात जातो. कूलरच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक छोटी खिडकी उघडी राहिली की पुरतं.

आत-बाहेर जोडताना आपल्याकडे साप-विंचवाचा विचार केलाच पाहिजे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाराखालची फट पाव इंचापेक्षा कमी ठेवा, खाली रबराची पट्टी लावा. छपरीची फरशी आतल्यापेक्षा दोन-तीन इंच खाली आणि बाहेर उतरती ठेवा, पाच फुटाला एक इंच, म्हणजे पावसाचं पाणीही उंबरा ओलांडत नाही. घरात चाकाची खुर्ची असेल तर त्या पायरीला बारा इंच लांबीमागे एक इंच चढ असा उतार द्या. तुराट्या आणि सरपणाची रास छपरीला टेकवून रचू नका, उंदीर तिथे येतो आणि त्याच्यामागे साप. छपरीत झोपायचं तर खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून.

अंगण

अलीकडे छपरी झाली की लगेच अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट घालतात. चिखल होत नाही हे खरं, पण ते अंगण रात्री दहापर्यंत तापलेलं राहतं. चालायच्या वाटेपुरती फरशी घाला, बाकीची माती राहू द्या. संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडलं की एक लिटर पाणी उडून जाताना जवळपास ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. पंधरा लिटरची एक बादली म्हणजे दहा युनिट. आपली मे महिन्यातली कोरडी हवा ते पाणी भराभर पिते. मृग लागून हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही. शिंपताना भिंतीपासूनचे चार फूट सोडून द्या, काळ्या मातीचं कारण वर सांगितलंच आहे.

अंगणाची उंची ठरवताना रस्ता पाहा. गावातले सिमेंट रस्ते दर वेळी जुन्यावरच नवा थर घालून उंच होतात आणि पाणी घराकडे वळतं. आजच्या रस्त्यापेक्षा अंगण आणि अंगणापेक्षा छपरी उंच राहील असं बघा, आणि मागच्या वाडीकडे पाणी जायला नाली ठेवा. छपरी पुढे काढण्याआधी ग्रामपंचायतीतला नमुना आठ आणि गावठाण मोजणीची सनद काढून हद्द तपासा, परवानगी घ्या. शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेल्या दोन फुटांमुळे भावकी तुटलेली मी पाहिली आहे.

घरकुलवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं. त्यात पाच माणसं राहतात. अशा घराला पूर्वेकडून दहा बाय आठची टिनाची छपरी जोडली, तर राहायची जागा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. आधी छपरी, मग टाईल, मग रंग, असा क्रम ठेवा. पैसे संपले तर रंग राहू द्या.

पायाचं काम मी जानेवारीत धरतो. दिवाळीपासून घराघरात कापूस असतो, कित्येक ठिकाणी बैठकीत छतापर्यंत. त्या दिवसांत कोणी भिंतीला हात लावू देत नाही आणि मजूरही वेचणीला असतात. जानेवारीत जमीन चिखलाची नसते आणि मेसारखी फाटलेलीही नसते. विहिरीला पाणी असतं, काँक्रीटवर दहा दिवस गोणपाट ओलं ठेवता येतं. छत मार्चअखेर पडलं की वादळाच्या आधी हूक आवळून होतात. आणि छपरीची रुंदी ठरवताना एकदा घरच्या बाईला विचारा की कापसाच्या दिवसांत ती त्या जागेत काय ठेवणार आहे. आमच्या घरी आईनं सांगितलं म्हणून सहाची आठ फूट केली. आता कापूस एका बाजूला रचूनही दोन खाटांची जागा उरते. चुलीसाठी आणि बिजलीच्या बोर्डासाठी मात्र तिनं दुसरी भिंत धरायला लावली, कापसापासून लांबची.